हजेरीपटापासून सुरुवात: शाळेतल्या समुपदेशनाची मोजता येणारी उद्दिष्टं कशी लिहावीत

जूनच्या मध्यावर मुंबईतल्या शाळा उघडतात आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच नव्या समुपदेशकाकडे एक कागद मागितला जातो: वार्षिक नियोजन. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक नेमावा किंवा त्याची सेवा घ्यावी असं सांगितलं. त्यामुळे या कामात नव्याने येणाऱ्यांना हा कागद लिहावा लागणारच. मानसशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात मुलाशी कसं बोलायचं ते शिकवतात, पण वर्षाचं उद्दिष्ट कसं लिहायचं ते फारसं कुणी शिकवत नाही. म्हणून मग मागच्या वर्षीच्या फायलीतून तीच वाक्यं उतरवली जातात: ‘विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास साधणे. आत्मविश्वास वाढवणे. सकारात्मक दृष्टिकोन निर्माण करणे.’

या वाक्यांत वाईट काही नाही. पण एप्रिलमध्ये कुणी विचारलं की झालं का हे, तर हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही.

माझ्या पहिल्या वर्षीच्या अहवालात मी किती सत्रं घेतली याचा भला मोठा आकडा लिहिला होता. बैठकीत सातवीच्या वर्गशिक्षिकांनी शांतपणे विचारलं, “माझ्या वर्गातली जी मुलगी आठवड्यातून दोन दिवस येत नव्हती, ती आता येते का?” मला माहीत नव्हतं. त्या मुलीबरोबर मी चार वेळा बसले होते, हे मात्र अहवालात होतं. पुढे जे लिहिते आहे ते सगळं त्या प्रश्नातून आलेलं आहे.

आधी ध्येय आणि उद्दिष्ट वेगळं करा

ध्येय म्हणजे दिशा: ‘मुलं नियमित शाळेत यावीत.’ ते मोजता आलं नाही तरी चालतं. उद्दिष्ट म्हणजे त्या दिशेने या वर्षी, अमुक मुलांच्या बाबतीत, अमुक तारखेपर्यंत किती अंतर जायचं ते. कागदावर ध्येयाची एकच ओळ पुरते. बाकीचा वेळ उद्दिष्टावर घालवा.

पहिले दोन आठवडे: शाळेतल्या वह्या वाचा

लिहायला बसण्याआधी शाळेत आधीपासून असलेले आकडे पाहा. नवी सर्वेक्षणं, नव्या प्रश्नावल्या नंतर. शाळेच्या कपाटांत पुष्कळ काही पडून असतं. हजेरीपट तर आहेच. शिवाय गेटवरची उशिरा येणाऱ्यांची वही, घटक चाचण्यांचे गुण, जनरल रजिस्टरमध्ये वर्षाच्या मध्येच दाखला नेलेल्यांच्या नोंदी, पालकसभेची सह्यांची वही. आणि एक वही जिच्याकडे कुणी बघत नाही: प्रथमोपचाराची. तीत तारीख, वेळ, मुलाचं नाव आणि ‘पोटात दुखते’ असं लिहिलेलं असतं. एकाच मुलाचं पोट दर मंगळवारी तिसऱ्या तासाला दुखत असेल, तर वेळापत्रकात तिसरा तास कशाचा आहे ते पाहा.

हजेरीपट वाचताना वर्गाची सरासरी काढू नका. सरासरी ९० टक्के दिसते आणि तिच्याखाली पाच मुलं झाकली जातात. प्रत्येक मुलाचे गैरहजर दिवस मोजा. शाळेच्या एकूण दिवसांपैकी १० टक्के किंवा त्याहून जास्त दिवस गैरहजर राहणारं मूल ‘सतत गैरहजर’ धरायचं, ही अनेक ठिकाणी वापरली जाणारी मोजणी आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीला वर्षाचे किमान २२० कामाचे दिवस असतात. त्याचे १० टक्के म्हणजे २२ दिवस, जवळजवळ महिन्याभराची शाळा. वर्षभर सुटा सुटा पसरलेला असल्यामुळे तो महिना कुणाच्या डोळ्यांत येत नाही.

आकड्यातून ‘कोण’ आणि ‘केव्हा’ कळतं. ‘का’ हे मुलांनाच विचारावं लागतं, आणि ही पायरी गाळली की उद्दिष्ट चुकतं. सकाळच्या अधिवेशनाच्या एका शाळेत मी होते. सातला प्रार्थना. गेटवरच्या वहीत आठवीतली तीच दहा नावं पुन्हा पुन्हा येत होती. ‘बेशिस्त’ हा शेरा आधीच पडलेला होता, आणि मीही ‘वेळेचे महत्त्व’ या विषयावर चार सत्रं आखून टाकली होती. मग त्यांतल्या एका मुलीने सांगितलं, “बाई, आमच्याकडे पाणी साडेसहाला येतं. आई कामाला गेलेली असते. पिंप भरल्याशिवाय मी निघूच शकत नाही.” पत्ते पाहिले. दहापैकी सात मुलं एकाच वस्तीतली निघाली.

त्या मुलांना वेळेचं महत्त्व आपल्यापेक्षा जास्त कळत होतं. खरी हानी वेगळीच होती. उशीर झाला की त्यांना दुसऱ्या तासापर्यंत बाहेर उभं ठेवत, आणि पहिला तास गणिताचा होता. मुख्याध्यापकांशी बोलून ठरवलं की पाण्याची अडचण असलेली मुलं सव्वासातपर्यंत आली तर सरळ वर्गात बसतील. उद्दिष्ट बदललं: ‘उशिराचे शेरे कमी होतील’ याऐवजी ‘या सात मुलांचा बुडणारा पहिला तास महिन्याला दोनपेक्षा जास्त नसेल’. मोजायचं काय तेच बदललं, म्हणून करायचं काय तेही बदललं.

एकच निवडा, फार तर दोन

अमेरिकेतली शालेय समुपदेशकांची संघटना, अमेरिकन स्कूल कौन्सेलर असोसिएशन, २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा असं सुचवते. आपल्याकडे एकीच्या वाट्याला हजार मुलं येणं किंवा एकच समुपदेशक आठवड्याचे दिवस वाटून दोन-तीन शाळांत जाणं यात कुणाला नवल वाटत नाही. अशा स्थितीत आठ उद्दिष्टं लिहिणं म्हणजे आठही अर्धवट सोडण्याची तयारी करणं. तातडीची प्रकरणं येतच राहतात, ती कुठल्या नियोजनात बसत नाहीत आणि बसवूही नयेत. आपला साधारण निम्मा वेळ त्यांच्यासाठी मोकळा ठेवा, असं माझं मत आहे. उरलेल्यात एक उद्दिष्ट नीट पूर्ण होतं.

निवडताना मी दोन गोष्टी पाहते. ही अडचण दूर झाली तर मुलाच्या रोजच्या दिवसात फरक पडेल का? आणि ती दूर करण्यातला काही भाग तरी शाळेच्या हातात आहे का?

वाक्य कसं बांधायचं

उद्दिष्टाच्या वाक्यात पाच गोष्टी हव्यात: कोणती मुलं, काय बदलणार, आज आकडा किती, तो किती होणार, कोणत्या तारखेपर्यंत. कशावरून मोजणार ते वाक्याच्या खाली लिहा.

कच्चं वाक्य असं असतं: ‘सातवीच्या विद्यार्थ्यांची उपस्थिती सुधारणे.’

आता हेच पक्कं करू. आकडे उदाहरणादाखल आहेत. ‘सहावीच्या दुसऱ्या सत्रात १० टक्के किंवा अधिक दिवस गैरहजर राहिलेली १२ मुलं आता सातवी ‘क’ मध्ये आहेत. त्यांपैकी किमान ७ मुलांची गैरहजेरी यंदाच्या दुसऱ्या सत्रात, ३१ मार्चपर्यंत, १० टक्क्यांच्या आत आलेली असेल. मोजमाप: हजेरीपट.’

तारीख ३१ मार्च का? एप्रिल परीक्षांचा महिना. त्यात हजेरीचं चित्र वेगळंच असतं.

‘किमान ७ मुलं’ असं का, टक्के का नाहीत? गट १२ जणांचा असताना ‘५८ टक्के’ लिहिलं की वाचणाऱ्याला शेकडो मुलं वाटतात. गट लहान असेल तर मुलं मोजा, मोठा असेल तर टक्के लिहा. टक्के लिहिलेत तर आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही आकडे द्या. ‘गैरहजेरी ५ टक्क्यांनी कमी’ या शब्दांतून २० वरून १५ वर आली की २० वरून १९ वर, हे कळत नाही. दोन्ही अर्थ निघतात आणि बैठकीत वाद होतो.

प्रशिक्षणांत ‘स्मार्ट’ (SMART) उद्दिष्टांची पाच इंग्रजी अक्षरं तुम्हाला शिकवली जातील; एकेक अक्षर म्हणजे चांगल्या उद्दिष्टाचा एकेक गुण. जॉर्ज डोरान यांनी १९८१ मध्ये ही कल्पना मांडली, ती व्यवस्थापनाच्या मासिकात. त्यांच्या मूळ मांडणीत मधलं ‘ए’ हे अक्षर ‘काम कोणावर सोपवलं आहे’ यासाठी होतं. पुढे त्याचा अर्थ ‘साध्य होण्याजोगं’ असा सांगितला जाऊ लागला. मला मूळ अर्थ जास्त उपयोगी वाटतो. शाळेत प्रत्येक कामासमोर एका माणसाचं पद लिहिलेलं नसेल, तर ते काम कुणाचंच नसतं.

‘किती’ हे कुठून आणायचं

नव्या समुपदेशकाला सगळ्यात जास्त अडवणारा प्रश्न हाच. १२ पैकी १२ लिहावं तर खोटं वाटतं, २ लिहावं तर लाज वाटते. अंदाजाने आकडा टाकू नका. कारणांची मोजणी करा.

बाराही मुलांशी आणि जमेल तितक्या पालकांशी बोला. प्रत्येकासमोर मुख्य कारण लिहा. मग तीन रकाने पाडा. पहिल्यात शाळेला स्वतः बदलता येईल अशी कारणं: एका विषयाची भीती, बसमधली चिडवाचिडवी, मुलींच्या स्वच्छतागृहाची अवस्था, उशिरा आल्यावर होणारा अपमान. दुसऱ्यात घर आणि शाळा मिळून काही करता येईल अशी: धाकट्या भावंडाला सांभाळणं, रात्रपाळीच्या माणसांमुळे एका खोलीत झोप न होणं, संध्याकाळी दुकानावर बसणं. तिसऱ्यात आपल्या आवाक्याबाहेरची: मोठं आजारपण, वस्ती हलवली जाणं. समजा रकान्यांत ५, ४ आणि ३ मुलं आली. पहिली पाच धरा, दुसऱ्यातली निम्मी धरा. आकडा सात येतो. मुख्याध्यापकांनी “सातच का?” असं विचारलं तर तुमच्याकडे कारण आहे, आणि तिसऱ्या रकान्यातल्या तीन मुलांना कुठे पाठवायचं याचीही चर्चा त्याच वेळी होते.

मुंबईचं कॅलेंडर विसरू नका

जुलैमध्ये रुळांवर पाणी भरलं की लोकल बंद, आणि निम्मा वर्ग घरी. गणपतीला कोकणातली मुलं गावी जातात, काही विसर्जनानंतरही आठवडाभर परतत नाहीत. त्यामुळे पहिल्या सत्राची हजेरी तशीही कमीच असते. तुम्ही जून ते ऑक्टोबरचा आकडा ‘आधी’ म्हणून धरला आणि जानेवारी ते मार्चचा ‘नंतर’ म्हणून, तर काहीही न करता सुधारणा दिसेल. म्हणूनच वरच्या उदाहरणात त्याच मुलांचं मागच्या वर्षीचं दुसरं सत्र घेतलं आहे. ‘त्याच मुलांचं’ हेही महत्त्वाचं. मागच्या वर्षीची सातवी आणि यंदाची सातवी ही वेगळी मुलं आहेत.

आणखी एक फसवा प्रकार. एखाद्या मुलाचा सगळ्यात वाईट महिना बघून तुम्ही त्याला गटात घेता. पुढचा महिना सहसा इतका वाईट नसतोच. ही सुधारणा तुमच्या कामाची आहे की आपोआप झाली, हे कळण्यासाठी शक्य असेल तिथे शेजारच्या तुकडीतली तशीच मुलंही हजेरीपटात बघून ठेवा. त्यांची हजेरीही तितकीच सुधारली असेल, तर अहवालात तसं प्रामाणिकपणे लिहा.

वर्षभराची छोटी उद्दिष्टं

मोठं उद्दिष्ट मार्चमध्ये मोजायचं. तोपर्यंत आपण वाटेवर आहोत की नाही हे छोट्या उद्दिष्टांवरून कळतं. तीही तारखेसकट आणि जबाबदार माणसासकट लिहा:

- ३१ जुलैपर्यंत बाराही मुलांशी प्रत्येकी एकदा बोलणं. जबाबदारी: समुपदेशक.
- गणपतीच्या सुट्टीआधी किमान ९ घरांशी भेट किंवा फोन. जबाबदारी: वर्गशिक्षक आणि समुपदेशक.
- ऑगस्टपासून दर सोमवारी मधल्या सुट्टीत पाच मिनिटांची विचारपूस. जबाबदारी: प्रत्येक मुलाने स्वतः निवडलेले एक शिक्षक.
- मूल सलग दोन दिवस आलं नाही तर दुसऱ्याच दिवशी घरी फोन. जबाबदारी: वर्गशिक्षक.

पालकांच्या भेटीची वेळ ठरवताना त्यांच्या कामाच्या वेळा बघा. घरकामाला जाणारी आई सकाळी अकराच्या पालकसभेला आली नाही, तर ‘पालक उदासीन’ असा शेरा लिहिण्याआधी तिला संध्याकाळी सातला फोन करून बघा.

मनातलं कसं मोजायचं

वर्गात घेतलेल्या सत्रांचं मोजमाप करताना ‘सत्र आवडलं का?’ हा प्रश्न कामाचा नाही. मुलं बाईंना वाईट वाटू नये म्हणून ‘हो’च लिहितात. अमेरिकन संघटनेच्या आराखड्यात तीन प्रकारची माहिती वेगळी ठेवतात, आणि ती विभागणी आपल्याकडेही चपखल बसते: किती मुलं सहभागी झाली, मुलांच्या विचारांत आणि वागण्याच्या सवयींत काय फरक पडला, आणि हजेरी, अभ्यास वा शिस्त यांत प्रत्यक्ष काय बदललं. आपले बहुतेक अहवाल पहिल्याच पायरीवर थांबतात.

दुसऱ्या पायरीसाठी सत्राच्या आधी आणि सहा आठवड्यांनी तेच पाच-सहा साधे प्रश्न, नाव न लिहिता. ‘खूप राग आला तर मारामारीशिवाय मी काय करू शकतो? दोन गोष्टी लिही.’ ‘शाळेत कुणी त्रास दिला तर मी ज्यांना सांगू शकेन अशी मोठी व्यक्ती आहे: हो / नाही.’ दुसऱ्या प्रश्नावरून सरळ उद्दिष्ट बनतं: ‘सहावीत या प्रश्नाला ‘हो’ म्हणणारी मुलं ६० पैकी ३३ होती, ती डिसेंबरअखेर किमान ४५ होतील.’ प्रश्न मुलांच्या बोलीत असू द्या. महापालिकेच्या शाळा आठ भाषांच्या माध्यमांतून चालतात. मराठीतला प्रश्न हिंदी किंवा उर्दू माध्यमात नेताना तिथल्या शिक्षकांकडून वाचून घ्या. ‘ताण’ हा शब्द पाचवीतल्या कित्येक मुलांना कळत नाही, ‘डोकं जड होणं’ कळतं.

ज्याचं उद्दिष्ट कधीच लिहू नये

इथे मी आग्रही आहे. ‘छळाच्या किंवा लैंगिक त्रासाच्या तक्रारी ५० टक्क्यांनी कमी करणे’ असं उद्दिष्ट लिहू नका, कुणी सांगितलं तरी लिहू नका. तक्रारी कमी करण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे मुलांना गप्प बसवणं. उद्दिष्ट तसं लिहिलं की कुणी मुद्दाम न ठरवताही शाळा त्या मार्गाला लागते. समुपदेशक नवी आली आणि मुलांचा विश्वास बसला की पहिल्या वर्षी तक्रारी वाढतात, आणि त्या वाढायलाच हव्यात. हे नियोजनात आधीच लिहून ठेवा, म्हणजे डिसेंबरमध्ये संस्थाचालक घाबरणार नाहीत. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार लैंगिक अत्याचाराचा प्रकार कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिथे उद्दिष्ट वगैरे काही नसतं, लगेच कळवायचं. मुलांसाठीच्या चाइल्डलाइनचा १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ हे दोन्ही क्रमांक खोलीच्या दारावर लावा, मुलांना बाहेरूनही वाचता येतील असे.

दहावीचा निकालही समुपदेशकाचं उद्दिष्ट म्हणून स्वीकारू नका. निकाल शंभर टक्के लावायचा ठरला की कच्च्या मुलांना शाळेतून न बसवता सतरा नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसण्याचा, फॉर्म भरायला लावण्याचा मोह होतो. ‘सराव परीक्षेत दोनपेक्षा जास्त विषयांत नापास झालेली सर्व मुलं शाळेतूनच परीक्षेला बसतील’ हे उद्दिष्ट मात्र मी आनंदाने लिहीन.

नावं कुठे, आकडे कुठे

बारा मुलांची नावं आणि कारणं तुमच्या कुलूपबंद कपाटात राहतील. नियोजनात आणि अहवालात फक्त संख्या. गट पाचपेक्षा लहान असेल तर तुकडीही लिहू नका, कारण स्टाफरूममध्ये सगळे लगेच ओळखतात. व्हॉट्सअॅपवर यादी पाठवा असं कुणी म्हटलं तर नम्रपणे नकार द्या आणि वही घेऊन समक्ष भेटायला जा.

तीन वेळा थांबून पाहणं

दिवाळीच्या सुट्टीआधी, संक्रांतीनंतर आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षकांबरोबर अर्धा-अर्धा तास बसायचं, हे जूनमध्येच डायरीत टाकून ठेवा. दिवाळीआधीच्या बैठकीत छोटी उद्दिष्टं तपासा: ९ घरांशी बोलणं झालं का, सोमवारची विचारपूस खरंच होते का. होत नसेल तर बहुतेकदा मधल्या सुट्टीत त्या शिक्षकांवर दुसरं काम आलेलं असतं. वेळ बदला. जानेवारीत मोठा आकडा पाहा. सातऐवजी चारच मुलं सुधारताना दिसत असतील तर उद्दिष्ट खाली आणू नका. उरलेल्यांची कारणं पुन्हा विचारा. पहिल्यांदा मुलाने सांगितलेलं कारण आणि विश्वास बसल्यावर सांगितलेलं कारण, यांत फरक असतो.

एप्रिलच्या अहवालाला एक पान पुरे. वर उद्दिष्टाचं वाक्य जसंच्या तसं, खाली आधीचा आकडा, आताचा आकडा, काय केलं, काय जमलं नाही. ७ ऐवजी ५ मुलं आली असतील तर ५ लिहा, आणि उरलेल्या ७ जणांची कारणं, नावांशिवाय. मग कपाटातली यादी काढा, आठवीच्या होणाऱ्या वर्गशिक्षकांना बोलवा, आणि सुट्टी लागण्याआधी त्यांना त्या सात मुलांविषयी समोर बसून सांगा. जूनमध्ये नवा हजेरीपट त्यांच्याच हातात असणार आहे.